कोणतंही मत नाही

युद्ध सुरू झालं त्या शनिवारी सकाळी मी दाण्याचं कूट करत होते. मिक्सर थांबला तेव्हा बाहेरच्या खोलीतून नवरा म्हणाला, आपण बॉम्ब टाकलेत. 'आपण' म्हणजे कोण हे आमच्या घरी दर वेळी विचारून घ्यावं लागतं, कारण क्रिकेट असलं की आपण म्हणजे भारत आणि टॅक्स भरायची वेळ आली की आपण म्हणजे अमेरिका. मी हात पुसत बाहेर आले. राष्ट्राध्यक्ष टीव्हीवर सांगत होते की मोहीम मर्यादित आहे आणि उत्तम चालली आहे. ते बोलून गेले, मग चार तज्ज्ञ येऊन बसले आणि नकाशावर बाण काढू लागले. संसदेला विचारलं होतं का, असं एकानं दुसऱ्याला विचारलं. कळवलं होतं, असं दुसरा म्हणाला. मी आत जाऊन कूट डब्यात भरलं.

आम्ही शिकागोच्या पश्चिमेला एका उपनगरात राहतो. नवरा ट्रेननं शहरात नोकरीला जातो. मी घराजवळच्या एका इन्शुरन्स कंपनीत मेडिकल क्लेम तपासते. तपासते म्हणजे बहुतेक नाकारते. नाकारण्याच्या पत्राचा आमचा साचा ठरलेला आहे. पहिल्या परिच्छेदात आभार, दुसऱ्यात सहानुभूती, तिसऱ्यात नकार. इतकी वर्षं तेच केल्यामुळे कुणी माझ्याशी फार गोड बोलू लागलं की मी तिसऱ्या परिच्छेदाची वाट बघत बसते. स्वभावाला तेवढा खवटपणा आलेला आहे, तो जायचा नाही.

आमचा एकुलता एक मुलगा सव्वीस वर्षांचा आहे आणि नॅशनल गार्डमध्ये आहे. नॅशनल गार्ड म्हणजे राज्याचं राखीव सैन्य, पण केंद्रानं बोलावलं तर बाहेरही जावं लागतं. महिन्यातून एक वीकेंड ड्यूटी, उन्हाळ्यात एक मोठं शिबिर, एरवी आपापली नोकरी. कॉलेजात असताना त्यानं हे आम्हाला सांगितलं तेव्हा सही करून झालेली होती. आम्ही दोघांनी ते एनसीसीसारखं काहीतरी धरलं. नवरा शाळेत एनसीसीत होता, आणि परेडनंतर मिळणारी पुरीभाजी एवढीच त्याची लष्करी आठवण आहे. इथल्या मराठी मंडळात कुणी विचारलं तर आम्ही 'सरकारी ट्रेनिंग' म्हणायचो. एकदा नदीला पूर आला आणि तो वाळूच्या पोत्यांची भिंत रचायला गेला, तो फोटो मात्र आम्ही सगळ्यांना पाठवला. त्याचं युनिट इंधनाचं आहे. मोठे टँकर चालवायचे आणि विमानांना, गाड्यांना इंधन पोचवायचं. एरवी तो एका वीज कंपनीत इंजिनिअर आहे आणि आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर एकटा राहतो.

युद्ध सुरू झाल्यावर महिन्याभरानं त्याच्या युनिटला हुकूम आला. बॉम्ब पडत होते त्या देशाच्या शेजारी कुठल्यातरी तळावर जायचं होतं. थँक्सगिव्हिंगला येणार की नाही हे तो ज्या आवाजात सांगतो त्याच आवाजात त्यानं ते फोनवर सांगितलं. मी विचारलं, जेवलास का. तो हो म्हणाला. फोन ठेवल्यावर मी डिशवॉशर रिकामा केला आणि वाट्या जागेवर लावल्या. मला काहीतरी वाटायला हवं होतं. दाढेला इंजेक्शन दिल्यावर गालाला बोट लावलं तर तो दुसऱ्या कुणाचा वाटतो, तसं झालं होतं, आणि ते पुढे बरेच महिने तसंच राहिलं.

नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी मी कधीकाळी प्रश्नोत्तरं पाठ केली होती. सैन्याचा सरसेनापती कोण? राष्ट्राध्यक्ष. केंद्र सरकारचा एखादा अधिकार सांगा. याची तीनचार उत्तरं चालतात, त्यात युद्ध जाहीर करणं हेही आहे, आणि तो अधिकार इथल्या संसदेचा, म्हणजे काँग्रेसचा. मी नेहमी 'नोटा छापणं' हे उत्तर द्यायची, ते लक्षात ठेवायला सोपं होतं. अर्जात एक प्रश्न होता की कायद्यानं सांगितलं तर तुम्ही देशासाठी शस्त्र उचलाल का. गुडघेदुखी असलेली, झुरळ दिसलं तर नवऱ्याला हाक मारणारी मी, तिथे 'हो'वर खूण करून मोकळी झाले. सगळेच करतात. शपथेच्या दिवशी ते मोठ्यानं म्हणतानाही माझं अर्धं लक्ष पार्किंगच्या मीटरकडे होतं.

नवऱ्याला हुकूम कळल्यावर त्याचं डोकं मात्र लगेच चालू लागलं. तो विदर्भातला. त्याचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. दर दोनतीन वर्षांनी त्यांची बदली कुठल्यातरी आडगावी व्हायची, आणि दर वेळी सासरे आमदाराच्या पडवीत जाऊन बसायचे. आमदार पत्र द्यायचा, बदली रद्द व्हायची. त्या घरात हुकूम ही रद्द करून आणायची वस्तू होती, फक्त योग्य माणूस गाठता यायला हवा. माझं माहेर पुण्याचं. आमच्याकडे नियमावर श्रद्धा, तो आपल्याविरुद्ध गेला तरी त्याची प्रत मागून घ्यायची आणि घरी येऊन चडफडायचं. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, या एका बाबतीत आमचं कधी जमलं नाही. पण या वेळी मी काहीच बोलले नाही.

तो म्हणाला, ओळख काढू. मंडळाचे एक जुने अध्यक्ष आहेत, आम्ही त्यांना काका म्हणतो. आमच्या मतदारसंघाच्या काँग्रेसमनला दर गणपतीत आरतीला बोलावणं, शाल-श्रीफळ देणं, फोटो काढून घेणं हे सगळं काकांमुळे सुरू झालं. काँग्रेसमन बिचारा दर वर्षी येतो. शाल खांद्यावरून घसरत असते आणि नारळ तो असा धरतो की कुणीतरी बाळ सांभाळायला देऊन गेलंय. खरं तर हुद्द्यानं तो खासदार, पण नवऱ्याच्या तोंडी तो कायम आमदार. काकांनी एक फोन केला आणि आम्हाला भेटीची वेळ मिळाली.

ऑफिस एका छोट्या शॉपिंग सेंटरमध्ये आहे, एका बाजूला दाताचा दवाखाना, दुसऱ्या बाजूला नखं रंगवायचं दुकान. मी बेसनाचे लाडू नेले होते. रिकाम्या हातानं कसं जायचं, असं नवरा म्हणाला होता आणि मलाही ते बरोबर वाटलं होतं. काँग्रेसमन वॉशिंग्टनला होता. त्याच्या ऑफिसातली एक तरुण मुलगी आम्हाला आत घेऊन बसली. आमच्या मुलापेक्षाही लहान असेल. तिनं लाडू घेतला, अर्धा खाल्ला, आणि लॅपटॉप उघडून ऐकू लागली.

नवऱ्यानं सगळं नीट मांडलं. मुलगा हुशार आहे, इंजिनिअर आहे, इथे राज्यातच त्याचा जास्त उपयोग होईल, आम्हा दोघांना दुसरं कुणी नाही, तर साहेबांचं एक पत्र सैन्याच्या ऑफिसला गेलं तर बदली होऊ शकेल. युद्धाबद्दल आमची काही तक्रार नाही, हेही त्यानं दोनदा सांगितलं. मुलगी शांतपणे म्हणाली की आमचं ऑफिस सैन्याला हुकूम देऊ शकत नाही, फक्त चौकशी करू शकतं, आणि त्यासाठीही तुमच्या मुलाची संमती लागेल. ती त्याला तसा ईमेल पाठवणार होती. नवऱ्यानं त्याचा पत्ता दिला. मान्य आहे, असं तो म्हणाला. चौकशी हा शब्द त्याला पुरेसा होता, त्याच्या गावी चौकशीनंच कामं होतात.

मग तिनं विचारलं, "त्या ठरावाबद्दल तुमचं मत नोंदवून घेऊ का?"

आम्हाला ठराव माहीत नव्हता. तिनं समजावून सांगितलं. काँग्रेसनं परवानगी दिलेली नसताना हे युद्ध चालू आहे, म्हणून सैन्य परत बोलवा असा ठराव येणार होता. काँग्रेसमननं अजून काही ठरवलेलं नव्हतं. मतदारांचे फोन येत होते आणि ते मोजले जात होते.

"नाही, नाही," नवरा घाईनं म्हणाला. "आमचं काही मत नाही. आम्ही राजकारणात नसतो. फक्त मुलाचं बघा."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी लाडवांच्या डब्याचं झाकण लावत होते. तिनं काहीतरी टाइप केलं. क्लेमच्या कामामुळे समोरच्याचा स्क्रीन वाचायची मला वाईट सवय आहे. आमच्या नावांपुढे 'कोणतंही मत नाही' असं लिहिलेलं होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, त्यातला हा प्रकार होता. त्या ऑफिसच्या हातात जी एक गोष्ट खरोखर होती ती त्या मुलीनं आपण होऊन पुढे केली होती, आणि आम्ही ती नको म्हणून बदलीचं पत्र मागत होतो. पण हे मला तेव्हा कळलं नाही. तेव्हा काम झाल्यासारखं वाटलं. येताना आम्ही कॉस्टकोत जाऊन दूध आणि टिश्यूपेपर घेतले.

बुधवारी संध्याकाळी मुलगा न सांगता घरी आला. बूट न काढता स्वयंपाकघरात आला, असं तो कधी करत नाही. त्यानं फोन माझ्यासमोर धरला. त्यावर तो ईमेल होता. त्याच्या आईवडिलांच्या विनंतीवरून त्याला परदेशी ड्यूटीतून सूट मिळावी यासाठी चौकशी करायची आहे, कृपया सोबतच्या संमतीपत्रावर सही करावी.

"हे काय आहे?" त्यानं विचारलं.

नवरा म्हणाला की फक्त विचारलं आम्ही, विचारायला काय हरकत आहे. मुलगा लहानपणापासून रागावला की इंग्रजीत जातो. त्या दिवशी तो निम्मा मराठीतच राहिला, त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

"बाबा, माझी सीट रिकामी नाही राहणार. मी नाही गेलो तर दे विल पुट समवन एल्स. ज्याला टाकतील ना, त्याला नेक्स्ट मंथ बेबी होणार आहे. त्याचे पेरेंट्स कुणाला ओळखत नाहीत."

नवरा म्हणाला, प्रत्येक जण आपापल्या मुलाचं बघतो, त्यात चूक काय. मी मध्येच, विषय बदलायला म्हणून, त्या मुलीनं ठरावाबद्दलही विचारलं होतं असं सांगून टाकलं.

"मग? व्हॉट डिड यू से?"

"काही मत नाही म्हटलं," मी म्हणाले.

तो हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. "आई, मत मला नसतं. युनिफॉर्ममध्ये मत नसतं, मला जा म्हटलं की जायचं. यू आर द वन्स हू कॅन हॅव वन." मग तो बापाकडे वळला. "सगळ्यांना परत आणायचं असेल तर आणा, आय विल कम होम. मला एकट्याला नको."

मी आमटी गरम करत होते. जेवून जा म्हणेपर्यंत तो निघून गेला होता. संमतीपत्रावर त्यानं सही केली नाही. त्यानंतर तो आमचे फोन उचलेनासा झाला. मेसेजला 'ओके' एवढंच उत्तर यायचं. त्याला जायला दोन महिने होते, आणि ते असे जाणार, हे आम्हा दोघांना कळून चुकलं.

पुढच्या सोमवारी मी कामावर, कॉफीच्या सुट्टीत, पार्किंगमध्ये माझ्या गाडीत बसून काँग्रेसमनच्या ऑफिसला फोन केला. नाव आणि झिप कोड सांगितला. मी ठरावाच्या बाजूनं आहे, असं म्हणाले. आपल्याच मुलासाठी फोन करतेय तर आवाज वेगळा निघेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. क्रेडिट कार्ड हरवल्याचं कळवताना जसा आवाज निघतो तसा निघाला. पलीकडे तीच मुलगी होती. तिनं 'मत नाही' खोडून 'बाजूनं' केलं असणार. दुसऱ्या दिवशी मी परत फोन केला. ती म्हणाली, तुमचं मत नोंदवलं आहे. मी म्हणाले, परत नोंदवा. मग ते रोजचंच झालं. कधी तिनं उचलला नाही तर मशीनवर बोलायची. एकदा तिनं मुलगा कसा आहे विचारलं, आणि मी ठीक आहे म्हणाले, कारण मला माहीत नव्हतं.

मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी चार ओळी टाकल्या की बाबांनो, तुम्हीही फोन करा, हा नंबर. माझा मेसेज पाच मिनिटांत गायब झाला. त्या जागी कुणीतरी उकडीच्या मोदकांची रेसिपी टाकली. संध्याकाळी काकांचा फोन आला. ते चांगलं बोलले, मी तिसऱ्या परिच्छेदाची वाट बघत राहिले. ग्रुपवर राजकारण नको, कितीजणांचे व्हिसे अडकलेत, ग्रीन कार्डं अडकलीत, कुणी स्क्रीनशॉट काढला तर उगाच निष्पाप पोरं गोत्यात येतील. यात त्यांचं काही चुकत नव्हतं. नंतर मला कळलं की काकांनीही काँग्रेसमनला फोन केला होता, ठरावाच्या विरोधात. देश लढत असताना सैन्याचे पाय ओढू नयेत, असं त्यांचं म्हणणं होतं. मला राग आला. गेल्या काही आठवड्यांत मला आलेली ती पहिली धड भावना, त्यामुळे मी ती दोनतीन दिवस जपून वापरली.

नवऱ्याला वेगळीच धास्ती. मुलगा सैन्यात आणि आई युद्धाविरुद्ध फोन करते, याची नोंद होऊन त्याला कुठेतरी वाईट ठिकाणी टाकलं तर? मी म्हणाले, याहून वाईट ठिकाण कुठलं, ते तरी सांग. आमचं त्यावरून कडाक्याचं भांडण झालं आणि आठवडाभर आम्ही भाजीत मीठ आहे का एवढंच बोलत होतो. मग एका सुट्टीच्या दिवशी मी घरून फोन करत असताना तो शेजारी येऊन बसला. माझं बोलून झाल्यावर त्यानं हात पुढे केला, फोन घेतला, आणि म्हणाला, झिप कोड तोच, मत तेच. फोन परत देऊन तो गॅरेज आवरायला गेला.

मधल्या काळात टीव्हीवर दुसरा वाद सुरू झाला. काँग्रेसनं परवानगी दिली नाही तर राष्ट्राध्यक्षांनी साठ दिवसांत सैन्य लढाईतून काढून घ्यावं, असा एक जुना कायदा आहे. साठ दिवस होऊन गेले होते. राष्ट्राध्यक्षांच्या वकिलांनी सांगितलं की जे चाललंय ते त्या कायद्यातल्या लढाईच्या अर्थात बसतच नाही, त्यामुळे दिवस मोजायचा प्रश्न येत नाही. मी ते ऐकलं आणि मला क्षणभर त्यांचं कौतुक वाटलं. आमच्या ऑफिसात हेच करतात. माणूस आजारी नाही असं आम्ही कधीच म्हणत नाही. त्याचा आजार व्याख्येत बसत नाही, एवढंच म्हणतो. त्या रविवारी माझ्या मुलानं मृत्युपत्र करून घेतलं. ते सैन्यात सगळ्यांनाच करायला लावतात, असं त्याच्या मेसेजात होतं.

ठराव मतदानाला आला त्या दुपारी मी रजा टाकली. संसदेचं कामकाज दाखवणारं एक चॅनेल आहे, त्यावर माणसं फिरत असतात, एकमेकांच्या पाठीवर थाप मारत असतात, आणि खाली आकडे हळूहळू बदलत असतात. ठराव मंजूर झाला. आमच्या काँग्रेसमननं बाजूनं मत दिलं. थोड्या दिवसांनी वरच्या सभागृहातही तो मंजूर झाला. नवऱ्यानं साखरेचा डबा काढला, चिमूटभर माझ्या तोंडात घातली, चिमूटभर स्वतःच्या. मी मुलाला बातमी पाठवली. त्यानं अंगठा पाठवला.

मग राष्ट्राध्यक्षांनी त्या ठरावाला नकार दिला. तो अधिकार त्यांना आहे. तो नकार ओलांडायचा तर दोन्ही सभागृहांत तीनातल्या दोघांनी हो म्हणावं लागतं, आणि तेवढे हो नव्हते. पुन्हा मतदान झालं, ठराव पडला, आणि चॅनेलवर कुठल्यातरी टपाल कार्यालयाला नाव देण्याची चर्चा सुरू झाली. युद्ध सुरू झाल्यावर त्याला परवानगी आहे का हे विचारायचं म्हणजे वरातीमागून घोडं, आणि आमच्या वरातीतलं तर ते घोडंही परत पाठवून दिलं. बहुमतानं थांबवा म्हटलेलं युद्ध चालू होतं. मुलाची निघायची तारीख या सगळ्यात एक दिवसही मागेपुढे झाली नव्हती. नवऱ्यानं टीव्ही बंद केला आणि विचारलं, चहा टाकू का. मी नको म्हणाले. काँग्रेसमनच्या ऑफिसचं पत्र आलं ते मी उभ्याउभ्याच वाचलं. आभार, सहानुभूती, आणि तिसऱ्या परिच्छेदात, या टप्प्यावर सभागृहापुढे अन्य प्रस्ताव नाही.

निरोपाचा कार्यक्रम एका कॉलेजच्या व्यायामशाळेत होता. बास्केटबॉलच्या बोर्डाखाली झेंडे लावले होते, शाळेचा बँड होता, कागदी कपात कॉफी होती. सैनिक रांगेत उभे होते, आमचा मागच्या रांगेत. टोपीखाली सगळे सारखे दिसतात, मला तो दोनदा सापडून दोनदा हरवला. भाषणं झाल्यावर काँग्रेसमन खाली उतरला आणि एकेका कुटुंबाशी हात मिळवत आमच्यापर्यंत आला. त्यानं आम्हाला गणपतीतले म्हणून ओळखलं. मी या सगळ्यांना परत आणण्याच्या बाजूनं मत दिलं होतं, असं तो हळू आवाजात म्हणाला. खरं होतं ते, आणि त्याचा चेहराही थकलेला होता.

नवऱ्यानं त्याचा हात सोडला नाही. "हो, आम्ही बघितलं, थँक्यू," तो म्हणाला. "सर, मग आता आम्ही कुणाकडे जायचं?"

मागे बँडवाली पोरं वाद्यं पेटीत भरत होती. "मला माहीत नाही," काँग्रेसमन म्हणाला. "खरंच माहीत नाही." नवऱ्याच्या खांद्यावर एकदा हात ठेवून तो पुढच्या कुटुंबाकडे गेला.

नवरा खुर्चीवर बसला. मला मराठीत म्हणाला, "आमदार असता तर निदान 'बघतो' म्हणाला असता."

त्या एका शब्दावर सासऱ्यांनी किती रात्री झोप काढली असेल, असं माझ्या मनात आलं. या माणसाची मला फार दया आली, आणि तो माझाच नवरा आहे हे आठवून मी त्याच्याशेजारी बसले.

बस लागल्यावर घरच्यांना भेटायला थोडा वेळ दिला. मुलगा आला. इतक्या आठवड्यांनी तो समोर उभा होता आणि मला सुचलं ते एवढंच, की मोजे जास्तीचे घेतलेस का. घेतले, तो म्हणाला. त्यानं बापाच्या हातात स्वतःच्या गाडीची किल्ली दिली. "बाबा, आठवड्यातून एकदा स्टार्ट करा. नाहीतर बॅटरी जाईल." नवरा म्हणाला, करतो. मग मुलानं मला जवळ घेतलं. कपडा नवाकोरा होता, खरखरीत, दुकानाचा वास येणारा.

"आई, आय नो यू कॉल्ड," तो माझ्या डोक्यावरून म्हणाला. "एव्हरी डे. बाबांनी टेक्स्ट केलं होतं."

"उपयोग झाला नाही," मी म्हणाले.

"आय नो. बट यू आस्क्ड फॉर एव्हरीबडी."

रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. तो बसमध्ये चढला तेव्हा काळ्या काचेतून कोण कुठे बसलंय ते दिसत नव्हतं, म्हणून आम्ही सगळ्याच खिडक्यांना हात केला. आजूबाजूचे आईबापही तेच करत होते.

आता त्याची गाडी आमच्या ड्राइव्ह-वेवर उभी असते. रविवारी सकाळी नवरा ती सुरू करतो आणि मी शेजारच्या सीटवर जाऊन बसते. इंजिन चालू ठेवून आम्ही तिथेच थांबतो, कुठे जात नाही. हीटरची हवा आधी गार येते, मग ऊन होते. कधी तिकडून फोन येऊन गेलेला असतो, कधी नसतो. मी अजून सकाळी त्या ऑफिसला फोन करते. ती मुलगी म्हणते, सभागृहापुढे सध्या काही नाही, मी म्हणते, तरी लिहा. मला दिवसभर फारसं काही वाटत नाही. भीती तेवढी वाटते.

परवा बर्फ पडून गेल्यावर समोरचे म्हातारे गृहस्थ यंत्रानं त्यांचा रस्ता साफ करत होते. आम्हाला चालू गाडीत नुसतं बसलेलं बघून त्यांनी यंत्र बंद केलं आणि काचेपाशी आले. मी काच खाली केली. मुलगा कधी येणार परत, त्यांनी विचारलं.

नवऱ्यानं हीटर कमी केला. मी म्हणाले, ते कुणी ठरवायचं, हेच अजून ठरलेलं नाही.